रिकामा ताबा

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! गुंतवणुकीच्या ऑनलाइन वर्गातले सर सांगतात, पहिल्या घराची रोजनिशी ठेवा, म्हणजे दुसऱ्या घराला त्याच चुका होत नाहीत. म्हणून ही नवी कोरी वही. सोळा वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवल्या, आता स्वतः जरा लांबचं बघायचं ठरवलंय. निम्मे पैसे माझे, निम्मे ताईचे. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कागद दोनदा तपासले आणि म्हणाली, चिमे, इतकं स्वस्त कसं, तेवढं विचारून घे हं.

विचारलं. एजंट पोट धरून हसला. म्हणाला, मालकांना घाई आहे, आणि मॅडम, या घरातून माणूस सोडून जात नाही, भाडेकरू शोधायची कटकटच नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला रुंद खिडकी. फरशीला एकही तडा नाही. पंधरा दिवसांच्या रजेत रंग, नळ, दिवे उरकायचे, भाडेकरू बसवायचा की मी मोकळी. एजंट मात्र उंबऱ्याच्या आत आला नाही. जिन्यातूनच बोटाने सगळं दाखवत होता. बूट काढायचा आळस, दुसरं काय.

४ तारीख, मंगळवार

आज ताबा मिळाला. विकणारे गृहस्थ पांढऱ्या केसांचे, वाकलेले, म्हणून मी त्यांना काका म्हटलं. नंतर करारात वय वाचलं तर माझ्याहून चारच वर्षांनी मोठे! मलाच ओशाळल्यासारखं झालं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीही हे घर भाड्याने द्यायलाच घेतलं होतं. रंगकामापुरते राहायला आले आणि राहूनच गेले. मी गमतीने म्हटलं, म्हणजे घर फारच आवडलं वाटतं. ते हसले नाहीत.

करारात एक ओळ अडली. ‘घराचा ताबा अखंड राहील.’ एजंट म्हणाला, छापील मजकूर असतो तो.

आधी मी आत यायचं, मगच ते बाहेर पडणार, असा त्यांनी हट्ट धरला. मी आत पाऊल टाकलं मात्र, त्यांनी किल्ल्या फरशीवर टाकल्या आणि अनवाणीच जिना उतरत सुटले. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्याच्या मधोमध उभे होते. रडत होते की हसत होते, कळेना. वर बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

विचित्र माणूस. पण घर माझं झालं! हॉलमध्ये गादी टाकली आहे. ताईला फोटो पाठवले.

६ तारीख, गुरुवार

हसू येतंय स्वतःचंच. काल सामान आणायला निघाले, तर जिन्यात वाटलं नळ चालू राहिला. परत आले. नळ बंद. पुन्हा निघाले, तर गॅसची शंका. असं पाच वेळा. शेवटी खालच्या दुकानदाराला फोन केला. त्याने पिशवी दाराबाहेर ठेवली आणि घंटा वाजवून गेला, पैसेही घ्यायला थांबला नाही.

आज ठरवून निघाले. आठव्या पायरीवर छातीतली हवाच संपली. नंतरचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा हॉलमध्ये उभी होते. दार आतून बंद. कडी मीच लावलेली असणार, दुसरं आहे कोण?

दगदग झाली आहे. रंगारी शनिवारी येतो म्हणालाय.

८ तारीख, शनिवार

रंगारी आला. साठीचा, बोलका माणूस. लेकीच्या बाळंतपणाचं सांगत भिंती घासत होता. तो आत असताना मी सहज म्हणून बाहेर पडले आणि धडाधड खाली उतरले! छाती मोकळी, पाय हलके. कोपऱ्यावरच्या बाकावर तासभर ऊन खात बसले. उगाच घाबरले होते.

परत आले तर रंगारी हॉलमध्ये स्टुलावर बसून होता. चेहरा चुन्यासारखा. भिंतीला हात लावलेला नव्हता. म्हणाला, बाई, मी सात वेळा निघालो. मी आत पाऊल टाकताच तो माझ्या खांद्याला घासून बाहेर पळाला. शिडी, बादली, ब्रश, सगळं इथेच आहे.

लगेच त्याच्यामागे धावले. आठवी पायरी.

बाकावर होते तेव्हाच घरी निघून गेले असते तर — पण मग तो —

१० तारीख, सोमवार

एजंटला एकवीस फोन केले. बाविसावा उचलला. आज हसला नाही. म्हणाला, घराला आत माणूस लागतो, मॅडम, कुणीही चालतो. मी एक कुटुंब पाठवतो. ते आत आले की तुम्ही निघा, भाडं महिन्याच्या महिन्याला मिळत राहील. सगळ्यांचंच भलं होईल.

मी शिव्या दिल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतल्या. सवय असणार.

११ तारीख, मंगळवार

ते आले. नवरा, बायको, तिच्या कडेवर वर्षाची मुलगी. दारातूनच खिडकी बघून ती हरखली. म्हणाली, अहो, केवढा उजेड!

माझं तोंड ‘या ना’ म्हणत होतं. जीभ दाताखाली धरली, रक्त येईपर्यंत. घर दिलं गेलंय, एवढंच कसंबसं म्हटलं आणि त्यांच्या तोंडावर दार लोटलं. ती बाहेर नवऱ्याला म्हणत होती, काय उद्धट बाई आहे!

तशीच दाराला टेकून रडले.

नंतर दार उघडायला हात आपोआप वर गेला. दोनदा. तो मी नेला नव्हता.

१२ तारीख, बुधवार

ताईचा फोन. येऊ नकोस म्हणायला गेले — निघालं, ये ना ताई, घर किती छान झालंय. आवाज माझाच. ताई म्हणाली, तू बरी नाहीस, मी येतेच.

मेसेज लिहिला. येऊ नकोस. पाठवून वाचला. ‘वाट बघते.’

फक्त या वहीत मला हवं ते उमटतं. अजून तरी.

केसांत पांढरी बट. परवा नव्हती.

१३ तारीख, गुरुवार, सकाळ

वहीचं पान फाडून लिहिलं — ताई, आत येऊ नकोस, इथून निघून जा. दाराखालून बाहेर सरकवलं. आता उपाय उरला नाही —

ती येतेय. गुडघे दुखतात तिचे. एक मजला चढते, थांबते, दम खाते. दुसरा मजला —

पोहोचली. घंटा.

चिठ्ठी वाचली तिने. पण ती ताई आहे, अशी जाणार थोडीच. म्हणते, काय वेड्यासारखं लिहिलंयस, उघड आधी. मी तोंडात पदराचा बोळा कोंबलाय, नाहीतर मी ‘ये’ म्हणेन —

दाराला पाठ लावून बसले आहे. उजवा हात लिहितोय. लिहीत राहिला तर कडीकडे जाणार नाही. म्हणून लिहितेय. काहीही. ताई ताई ताई जा ताई जा. डावा हात मांडीखाली दाबून धरलाय.

ती रडतेय. म्हणते, चिमे, मी आहे ना, मी आले आहे ना. घाबरू नकोस.

जा ताई जा ताई जा. अक्षर नीट येतंय अजून. उजवा माझा आहे. उजवा माझा आहे. उजवा

मांडीखाली काही नाही. डावा हात