निळ्या डायलचं अस्सल घड्याळ

अण्णा, आज इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांगावं असा माणूस तुम्हीच, म्हणून लिहिते. हे पाठवायचं कुठे, ते नंतर बघू.

काळेवाडीत जुन्या घड्याळांचं एक छोटं दुकान आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला मला माझ्या घड्याळाची जोडी हवी होती, दहावी पास झाल्यावर तुम्ही दिलेल्या त्या निळ्या, चावीच्या घड्याळाची. मी आता चाकणला कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहे. तिथे प्रत्येक पार्ट मास्टर पीसशी, म्हणजे बिनचूक नमुन्याशी, जुळवून बघतो. तसंच मी माझं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि ऐटीत दुकानदाराचा माल तपासायला बसले. नव्यासारखी चकाकणारी आधी बाजूला काढली. काटे आणि डायल सारखेच पिवळटलेले हवेत, स्क्रूच्या खाचा चेपलेल्या नकोत. पांढऱ्या डायलचं एक सगळ्यात पास झालं. यातच निळं आहे का, असं विचारलं.

"ताई, ह्या मॉडेलात निळा आलाच न्हाई. निळं दिसलं की डुप्लिकेट समजायचं."

माझं डोकंच फिरलं. वडिलांनी नवं घेतलं होतं, असं चांगलं ठणकावून सांगितलं. त्याने वाद न घालता मागचं झाकण उघडलं. आतलं मशीन अस्सल. मग डायलवर भिंग धरलं, तर अक्षरं छापलेली नव्हती, बारीक ब्रशने काढलेली होती. आणि तो निळा! स्कूटर कंपनीच्या पेंट शॉपमधून आल्यावर संत तुकाराम नगरच्या घरी मोरीत बसून तुम्ही रॉकेलने नखांतून काढायचात, तो स्कूटरचा निळा. झाकणाच्या आतल्या बाजूला कुण्या दुरुस्तीवाल्याने कधीकाळी सुईच्या टोकाने गिऱ्हाइकाचं नाव खरवडलं होतं. तुमचं नाव, अण्णा.

माझ्या निकालाच्याच आठवड्यात तुमचं घड्याळ कंपनीच्या बसमध्ये हरवलं, असं तुम्ही सांगितलं होतं. अजून आठवतं, आई स्वयंपाकघरातून तुम्हाला बोलतेय, तुम्ही खाली मान घालून भाकरी मोडताय आणि मी नव्या पट्ट्याचा वास घेत बसलेय. त्यानंतर शिफ्टला निघताना किती वाजले, हे तुम्ही मलाच विचारायचात.

दुकानदार म्हणाला, पांढरी डायल बसवून देतो, ओरिजिनल होईल. मी घड्याळ त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. हसत होते आणि डोळेही पुसत होते. त्याला वाटलं असेल, बाईचं काहीतरी बिनसलंय. नवऱ्यासाठी ते पांढरं घेतलं आणि रिक्षाने तडक घरी आले.

आई तुमचा फोटो पुसत होती. नेहमीचंच म्हणाली, "एक घड्याळ सांभाळता आलं न्हाई ह्यांना." मी मनगट तिच्यापुढे धरलं. पण इतकी वर्षं तुम्ही मुकाट्याने बोलणी खाल्लीत, आता ते गुपित मी कोण फोडणारी, असं झालं.

तिने विचारलं, "किती वाजले?"

मी वेळ सांगितली.