बेअरिंग गेलेलं गाणं

३ जून
लेकीने मुलगा पसंत केला. आज घरी आणला. कवळ्या बनवतो. धंदा वाईट नाही, दात सगळ्यांचेच पडतात. पण केस खांद्यापर्यंत, दाढी छातीपर्यंत. काळ्या शर्टावर वाळक्या झुडपासारखी अक्षरं. बँडचं नाव कळायला त्यालाच वाचून दाखवावं लागलं.
महिनाअखेर निर्णय देईन असं जाहीर केलं. ही म्हणाली, तुम्हाला विचारलंय कोणी? लेकीने विचारलंय. बाबा हो म्हणाले तरच, असं तिनेच सांगितलं. मोठी जबाबदारी.
माणूस काय ऐकतो त्यावरून कळतो. तेच विचारलं. त्याने सीडी दिली. ब्लॅकन्ड डेथ मेटल म्हणे, म्हणजे ओरडून गायचं संगीत. म्हणाला, काका, हा अल्बम मेलोडिक आहे, चाल असलेला, त्यातल्या त्यात सोपा.

४ जून, सकाळी
प्रार्थनेनंतर लगेच नको, म्हणून मध्ये चहा घेऊन ऐकलं. वर्कशॉपमध्ये. पंपाच्या मोटारी वाइंड करण्यात हयात गेली. आवाजावरून रोग ओळखतो. अर्ध्या गाण्यात ओळखला. बेअरिंग गेलंय. गाणाऱ्याचा गळा कोणीतरी धरून ठेवलाय.
निर्णय: नाही. येत्या रविवारी सांगणार.

४ जून, सायंकाळी
निर्णय पक्का आहे. तरी मोटार उघडल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला जळाली म्हणत नाही. पूर्ण ऐकावं लागेल. लेकीसाठी एवढं करायलाच हवं.

६ जून
पूर्ण ऐकलं. डोकं बधिर. तिसऱ्या गाण्यात मात्र सगळा गदारोळ चालू असताना वरून गिटारची एक साधी चाल निघून गेली. आमच्या गावच्या शाळेत वाऱ्याने पत्रे थडथडायचे, तरी गुरुजी प्रार्थनेची चाल सोडायचे नाहीत, आवाजही चढवायचे नाहीत. तसं काहीसं.
योगायोग असणार.

८ जून
योगायोग आहे याची खात्री करायला तिसरं गाणं परत ऐकलं. परत परत ऐकलं. शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरला लावलं आणि मूठ कानाला, मोटारीला लावतो तशी. आतले ड्रम इतके एकसारखे, कुठे हेलकावा नाही. बेअरिंग ठणठणीत आहे. आरडाओरडा फक्त बॉडीचा.
माझं निदान चुकलं नव्हतं. अपुरं होतं.

११ जून, रविवार
आज नकार द्यायचा होता. आधी उलटतपासणी करावी म्हणून दाढीवाल्याला वर्कशॉपमध्ये नेलं. असं ओरडून घसा बसत नाही का, विचारलं. म्हणाला, काका, जोर पोटातून लावायचा. करून दाखवलं. समोरच्या शिंपिणीने खिडकी लावून घेतली. मीही करून पाहिलं. तिने दारही लावलं.
लेक दोनदा डोकावली. कुठेतरी जायचं होतं त्यांना. म्हटलं, चौकशी अर्धवट सोडता येत नाही. अंधार पडेपर्यंत चालली.
नकार राहून गेला. पुढच्या वेळी.

१५ जून
सीडीतला गाण्यांच्या शब्दांचा कागद काढून डिक्शनरी घेऊन बसलो. हा गाणारा पानभर देवाशी भांडतो. वाईट वाटलं. मग वाटलं, भांडायला समोर कोणीतरी लागतं. आमच्या प्रार्थना मंडळात निम्मे पेंगतात. इतक्या कळवळून कोण हाक मारतं?
मला हे आवडलं असं नाही. फक्त नोंद.

१७ जून
प्रार्थनेत डोळे मिटले आणि मनात तिसरं गाणं सुरू झालं. मान कधी हलायला लागली कळलं नाही. मंडळाचे मास्तर शेवटी म्हणाले, आज तुमचं भान हरपलं होतं, अशी तल्लीनता हवी. शेजारच्याने मात्र पाणी आणून दिलं, फिट आली समजून.

१८ जून, रविवार
चौकशीचा दुसरा भाग. काही मुद्दे राहिले होते.

२१ जून
गिऱ्हाईक पंप न्यायला आलं तेव्हा पाचवं गाणं फुल आवाजात. कानावर हात ठेवून म्हणालं, केवढी बिघडलीय हो ही मोटार! मी बटण दाबून गाणं बंद केलं. म्हणालं, हाताला गुण आहे तुमच्या.
खुलासा केला नाही. घाईत होतं बिचारं.

२५ जून, रविवार
जावईबापू सकाळीच आले. तोंडातून शब्द निघून गेला, पण चुकीचा नाही. दिवसभर बसलो. लेक एकटीच सिनेमाला गेली. ही म्हणाली, पोरगी तोंड पाडून फिरतेय, तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे का? म्हटलं, निकाल लागायच्या आधी असंच होतं.
निर्णय: हो. तीस तारखेला सगळ्यांसमोर. छोटंसं भाषणही करीन.

३० जून, सकाळी
भाषण पाठ. लेक आनंदाने रडेल. रुमाल जवळ ठेवतो.

३० जून, सायंकाळी
भाषण केलं. लेक म्हणाली, बाबा, बुधवारीच मोडलं. मी विचारलं, कशावरून? म्हणाली, महिनाभर फोनवर त्याचं एकच, काका काय म्हणाले, काकांनी ड्रम कसे ओळखले. मी पुढच्या आयुष्याचं विचारलं, तर म्हणाला, आधी काकांचं सहावं गाणं होऊ दे.
ही म्हणाली, घरजावई करून घ्या त्याला. वर्कशॉपमध्ये खाट टाका.
रुमाल लेकीला द्यायला गेलो. तिने घेतला नाही.

१ जुलै
काही मोडलेलं नाही. वायर सुटलीय, जोडता येते. जावईबापूंना फोन केला. कडक शब्दांत सांगितलं, उद्या पाचला या, फक्त तिच्याशी बोला, अल्बमचं नाव काढू नका, मी घरात नसेन. हो काका म्हणाले. लेकीलाही पटवलं. ती म्हणाली, शेवटचं हं. संध्याकाळी तिने निळा ड्रेस इस्त्री केला. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

२ जुलै, रविवार
साडेचारलाच हिला घेऊन बाहेर पडलो. ही बहिणीकडे गेली, मी मंडळात. मागच्या बाकावर बसून डोळे मिटले. खूप दिवसांनी मनात एकही गाणं नव्हतं. देवा, माझ्या हातून बिघडलंय, पोरीचं नीट कर, एवढंच. जोर पोटातून लावला.
डोळे उघडले तर जावईबापू शेजारी. केस नीट बांधलेले, घामाघूम. कुजबुजले, घरी गेलो होतो काका, तुम्ही कुठे आहात एवढंच विचारलं, तर तिने मंडळाचा पत्ता दिला आणि दार लावून घेतलं.
त्यांच्या मांडीवर दुसरा अल्बम होता.
मास्तरांनी वळून हळूच विचारलं, जावई का?
म्हटलं, नाही. माझे आहेत.