बोटांची तपासणी

३ जून
आलो एकदाचे. प्रयोगशाळेत नोकरी आणि वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या. बायको खूश, आमची तान्ही पिल्लूही. तिला दात येताहेत. हिरड्या सुजून लाल झाल्यात आणि दिवसभर माझा अंगठा चघळते.
इथले लोक मात्र एकेक नमुने आहेत. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, रोज सकाळी सगळ्यांची बोटं तपासतात. जरा खरचटलेलं दिसलं की तो माणूस बरा होईपर्यंत बाटल्या धुणार. एवढी शिकलेली माणसं शाळकरी पोरांसारखी हात पुढे करून उभी!

५ जून
काम कुणीही करील असं. पानाचे तुकडे कापायचे आणि जिवाणूंच्या पाण्यात बुडवायचे. जिवाणू कापलेल्या कडेतून शिरतो आणि आपण त्याला दिलेलं परकं जनुक पेशीत सोडतो. मग कडेला गाठ धरते, गाठीला कोंब फुटतो. बाई म्हणाल्या, हा जिवाणू त्यांनी सुधारलाय, जखम पानाची की आणखी कशाची ते तो बघत बसत नाही. पानं कापून कापून बाईंच्या डोक्याचाही पालापाचोळा झालाय.

८ जून
काल पातं निसटलं, अंगठा कापला. मी काय बाटल्या घासायला शिकलो? कातडीच्या रंगाची पट्टी लावली. बाईंना पत्ताही लागला नाही. एवढा जाड चष्मा काय शोभेला? मग दिवसभर त्याच हाताने पानं बुडवली. हातमोजे भित्र्यांसाठी.

१४ जून
जखम भरली. तिथे पांढरट गाठ आलीय, घट्टा असेल. तपासणीत अंगठा मुडपून घेतो. पिल्लूला ती गाठ फार आवडते, तोंडातून सोडतच नाही.

१९ जून
गाठ हिरवी झाली. पात्याने कापून काढली. रक्त आलं नाही. काकडीसारखी कापली गेली.

२१ जून
पुन्हा आली. कोंबासकट. दोन इवली पानं, खिडकीकडे वळलेली. मी खुर्ची फिरवली, तीही फिरली —
बाईंकडे गेलो. त्या ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, हा हात घरात कुणाच्या जखमेला लागलाय का. नाही म्हणालो. या बाईपुढे मान खाली घालायची, मी?

२२ जून
उद्या दवाखान्यात अंगठा काढणार. जाऊ दे अंगठा. पण पिल्लू —
हल्ली रडत नाही. दूधही नको म्हणते. खिडकीपाशी ठेवलं की उन्हाकडे तोंड उघडून पडून राहते. बायको म्हणते, किती गुणी झालीय.
बाईंना सांगायला हवं होतं. भीती वाटतेय.

२३ जून
निघतच होतो. बायकोने हाक मारली, हसत, की पहिला दात आलाय, बघून जा —
वाकलो. पिल्लूचा ओठ बाजूला केला.
दात नाही. तो मऊ आहे. तो हि—