डोकं बरं आहे, ताई

कारंजा
५ एप्रिल २०२५

रुचाताईले संयमचा जय जिनेंद्र.

इकडे मम्मी-पप्पा ठीक. दुकान ठीक. ऊन असं तापून राह्यलं का दुपारी शटर हातानं धरवत नाही. तुह्या तब्येतीचं विचारत नाही, सरिता सांगते मले सगळं. बरं झालं तुह्या घरचे भांडे घासणारी बाई आपल्याच दुकानात तेल घ्याले येते. जिजाजीनं तुहा फोन काढून घेतल्यापासून कामरगावले निरोप धाडाले दुसरा रस्ता नाही राह्यला. ही चिठ्ठी ती भांड्याच्या पावडरीच्या पुडीत घालून देईन. वाचली का गॅसवर जाळून टाकजो.

तिनं तुहा निरोप सांगतला. एवढंच विचारलं म्हणे तू, संयमचं डोकं कसं आहे.

डोकं बरं आहे, ताई. टाके निघाले. केस वाढले का दिसणार पण नाही. चक्कर येते, पण ती डोक्यानं नाही येत, व्यायामानं येते. कशी ते सांगतो, म्हणजे तू उगाच मनाले लावून घेणार नाही.

मी पहाटे मुनाफभाईच्या तालमीत जातो. जिनिंगच्या मागं टिनाचं शेड आहे ते. दिवाळीपासून जातो, घरी माहीत नाही, मम्मीले वाटते मी फिराले जातो. पहिले दंड, मंग बैठका. बैठका काढता काढता कानात पाण्याच्या मोटरवानी आवाज सुरू होते. मंग डोळ्यासमोर पांढरं. मंग शेडच्या मागं जाऊन उलटी, पोटात काही नसते तरी होते. घरी आलो का दुपारपर्यंत डोकं ठणकते. गिऱ्हाइकानं चिल्लर काउंटरवर टाकली तरी वाटते कोणी खिळा ठोकून राह्यलं.

मुनाफभाईनं एक दिवस धरलंच मले.

"काय बे शेठजी, पाणी पेला का सकाळी?"

म्हटलं, नाही.

"काहून?"

म्हटलं, चौविहार आहे. दिवस बुडल्यावर पाण्याचा थेंब नाही, सकाळी नवकारसी येईपर्यंत, म्हणजे सूर्य उगवून दोन घडी होईपर्यंत.

"अन् त्या कोरड्या तोंडानं तू माह्या तालमीत मराले येतं? अबे, रोज्यात मी पण असाच आडवा झालो होतो. तवापासून रमजानमध्ये मगरीबच्या नंतर, रोजा सुटल्यावर व्यायाम. तुह्या महाराजाले सांग, टाइम बदलून द्या म्हणा."

सगळे हासले. मी पण हासलो.

तुले तं माहीत आहे चौविहार कायचा आहे. दिवाळीले तू आली तवा मम्मीनं तुह्या मानेवरचा वळ पाह्यला. पट्ट्याच्या बकलाचा होता, त्यातला काटा पण उमटला होता. तू म्हटलं दाराची कडी लागली. मम्मीनं हाव म्हटलं, पप्पानं पेपर उघडला. तू गेल्यावर मम्मीनं तुह्या संसारासाठी वर्षभराचा चौविहार घेतला अन् मले पण घ्याले लावला. म्हणे भावाच्या तपानं बहिणीचं कर्म कटते. मी हाव म्हटलं. तिले काय माहीत मी पहाटे उठून कायची तयारी करतो. तिचा उपाय पाणी सोडाचा, माहा उपाय हात बनवाचा. दोन्ही एका अंगात बसत नसतीन, म्हून चक्कर.

तालमीत भुशानं भरलेला कट्टा टांगला आहे, बुक्क्या माराले. मी त्याले चेहरा देतो. कोणाचा ते लिवत नाही. परवा कट्टा फाटला. भुसा माह्या तोंडावर, नाकात, तरी मी थांबलो नाही. खाली लोंबणारं बारदान पण मारत राह्यलो. मुनाफभाईनं मागून मिठी मारली. म्हणे, "सोड बाप्पा, मेला तो."

त्या दिवसाचं, म्हणजे गेल्या महिन्यात मी तुह्या घरी आलो त्या दिवसाचं, मले काही आठवत नाही. दार लोटलं, जिजाजीची कॉलर धरली, तेवढं आठवते. त्याच्यानंतर एकदम कामरगावच्या सीटा मारणाऱ्या हरीओमची जीप अन् माह्या डोक्याले त्याचा दुपट्टा. असं होते म्हणे लोकाले. घरी मी जीपच्या कॅरिअरचा दांडा लागला म्हून सांगतलं. तवा कोणाचं काय लागलं, कसं लागलं, मी विचारत नाही. तू पण सांगू नको.

चक्कर थांबली का मी परत येतो. यावेळी पण एकटाच येईन, पण चांगला तयार होऊन येईन. जीव मरतीन म्हून तो बटाटा खात नाही ना, मुंग्यांले साखर टाकते ना. मले पाह्याचंच आहे त्याचं रक्त कोणत्या रंगाचं आहे ते.

तोवर त्याच्या हाताच्या आवाक्यात उभी राहू नको.

तुहा,
संयम


कारंजा
१६ एप्रिल २०२५

ताई, जय जिनेंद्र.

चिठ्ठीले वेळ लागला. लिवाले बसलो का अक्षरं हालतात. शाळा सोडली तवा तूच म्हटलं होतं, बोलत नाही तं नाही, लिवणं सोडू नको. म्हून लिवतो.

महावीर जयंतीच्या मिरवणुकीत मले बॅनरचा एक दांडा धराले देला. अहिंसेचा बॅनर. मले नाही म्हणता येत नाही तुले माहीत आहे, सगळे पाहून राह्यले का माही जीभच सुकते. मारवाडी गल्लीपर्यंत ठीक होतं. मंग चढ लागला, ढोल वाजून राह्यला, अन् कानातली मोटर सुरू झाली. भर चौकात उलटी. बॅनर खाली, मी त्याच्यावर. शुद्ध आली तवा एक काकू मले पदरानं वारा घालत म्हणून राह्यली होती, "चंपालालभाऊचा पोरगा आहे, तपस्वी आहे, वर्षाचा चौविहार आहे त्याले." दोघी-तिघींनी हात जोडले मले.

तपस्वी. दांडा धरून चाललो होतो तवा मी त्याच्या नरड्याचाच विचार करत होतो.

मंग पप्पा घाबरले. अकोल्याले नेलं. मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणे, मेंदूले मार लागला आहे, तो बरा व्हाच्या आत हा पोरगा दंडबैठका काढून राह्यला. पाणी पेला असता तरी चक्कर आलीच असती. व्यायाम बंद. पळणं बंद, ओझं बंद. अन् डोक्याले आता दुसरा मार नको, दुसरा लागला तं मी काही सांगू शकत नाही.

"कायनं लागलं?"

म्हटलं, जीपच्या दांड्यानं.

तो डॉक्टर मले पाहे, पप्पा भिंतीकडं पाहे.

घरी आलो तं दिवे लागले होते. मम्मीनं पाण्याचा गिलास समोर धरला. म्हटलं, मम्मी, दिवस बुडला. म्हणे, "पे. पाप माह्यावर." मी पेलो. तिनं अजून भरला.

हे सगळं सांगत बसलो नसतो, पण काल सरिता आली. पप्पा जेवाले गेले होते. तेलाची कॅन काउंटरवर ठेवली, दुकानात कोणी नाही ते पाह्यलं. मंग म्हणे, "तुह्या बहिणीचं बोट मोडलं रे बाबू. दारात घालून दार लोटलं त्यानं. निंगून जाते म्हटलं होतं तिनं."

मी विचारलं, मंग निंगली काहून नाही?

तं तिनं त्याचे शब्द सांगतले. "जाय ना. तू इकडे जाय, मी तिकडे ठाण्यात जातो. भावाचं डोकं हिनं फोडलं म्हणतो. बत्ता आहे ना घरात. जेलात जाशीन तवा माहेर आठवन." सरिता म्हणे, हे ऐकलं का रुचाबाई बर्फावानी होतात.

तवा मले समजलं. मी इतके दिवस समजत होतो का तुले आमचं तोंड पाह्याचं नाही, मम्मी-पप्पावर राग आहे, म्हून तू येत नाही. तू माह्या डोक्यापायी अडकून पडली.

ताई, मले सगळं आठवते. मागच्या चिठ्ठीत नाही म्हटलं ते खोटं होतं.

दुपार होती. तू स्वयंपाकघरात शेंगदाणे कुटून राह्यली होती, लोखंडी खलात. बत्त्याचा आवाज मले दारातूनच आला. तो खाटेवरून उठला अन् हासला. "या शेठ. आज बोलणार का नेहमीवानी मान हालवणार?" मी बोललो नाही. मले बोलता येतच नाही. पहिली बुक्की नाकावर बसली. त्याचं नाक मोडलं त्याचा आवाज माह्या हातातून वर आला, वाळली काडी मोडल्यावानी. तो खाली पडला अन् मी त्याच्या छातीवर. दोन्ही अंगठे नरड्यात. त्याच्या टाचा फरशीवर आपटून राह्यल्या होत्या. डोळे बाहेर आले होते. तोंडातून नुसती शिटी वाजे.

मले बरं वाटून राह्यलं होतं, ताई. लय बरं. असं बरं मले कधीच वाटलं नव्हतं, हे मी कोणाले सांगतलं नाही.

तू म्हटलं, संयम, सोड. मी ऐकलं. परत म्हटलं, तेही ऐकलं. नाही सोडलं.

समोर स्टीलचं पाण्याचं पिंप होतं. त्यात तू दिसली मले. बत्ता दोन्ही हातानं उचलला होता तू. तुहं तोंड पण दिसलं. मी वाकू शकत होतो, वाकलो नाही. मले वाटलं तू त्याले मारते, अन् बत्ता माह्या डोक्यावर बसला.

हे मले डोक्यापेक्षा जास्त लागलं. इतके वर्षं तो तुले मारून राह्यला, पट्ट्यानं, उलट्या हातानं, कुकरच्या झाकणानं, अन् तू त्याले साधी चापट नाही मारली. पहिल्यांदा हात उचलला तो माह्यावर. आपला आहे म्हून मारलं, असंही मनाले सांगून पाह्यलं. पण मंग आठवलं, तोही हेच म्हणते, माही बायको आहे म्हून मारतो.

कधी वाटते, तू मारलं नसतं तं तो मेला असता अन् मी वाशिमच्या जेलात असतो, तू मले वाचवलं. कधी वाटते, नाही, तू त्यालेच वाचवलं. रोज एक एक वाटते. तुले तरी माहीत आहे का? नसन तं राहू दे. मले उत्तर नको. मले तू पाह्यजे.

आता ऐकजो. अकोल्याच्या कागदावर जीपचा दांडा लिवला आहे. हरीओमले मी काल भेटलो. तो म्हणे, "ठाण्यातच काय, कोर्टात विचारलं तरी सांगतो, दांडा माह्या गाडीचा, चूक माही. बाकी मले काय माहीत? मी तं समोर पाहून गाडी चालवतो." मी पण तेच सांगीन. ज्याचं डोकं फुटलं तोच म्हणते बहिणीनं हात नाही लावला, तं तुह्या नवऱ्यानं खलासगट बत्ता नेऊन ठाण्यात ठेवला तरी काही होत नाही. त्याच्याजवळ तुह्यावर टाकाले काहीच नाही. तुले धरून ठेवाले काहीच नाही. एक त्याचा हात सोडून.

अन् त्या हाताले मी आता थांबवू शकत नाही. हे लिवताना शरम वाटते. पंधरा बैठका काढल्या का भिंत धरा लागते मले. तालमीत जाणं बंद केलं. पण बैठका निघाल्या असत्या तरी मी तुह्या घरात पाय ठेवला नसता. मी आलो तं त्याले पूर्ण मारूनच उठीन, किंवा माह्या डोक्यावर दुसरा मार बसन. दोन्हीत तू तिथंच राहाची.

म्हून तू चालत ये.

मम्मीले मी सगळं सांगतलं, बत्ता पण. तिनं माह्या डोक्यावरचा वण चाचपून पाह्यला. मंग म्हणे, "मी येते सोबत." पप्पाले सांगतलं नाही. ते काय म्हणतीन ते तू घरात आल्यावर म्हणतीन.

तुमच्या गावच्या येत्या बाजाराच्या दिवशी ये, तवा तो त्याच्या दुकानातून हालत नाही. पिशवी घेऊ नको, पाकीट घेऊ नको, कपडे तं घेऊच नको. दळणाचा डबा घे. कोणी विचारलं तं चक्कीवर चालली म्हणजो. मोडल्या बोटाचा हात पदराखाली ठेवजो. सरिता तुह्यासोबत चक्कीपर्यंत येईन, तिथून स्टँड दिसते. हरीओमची जीप तिथं लावलेली राहीन, गिऱ्हाईक बसवणार नाही तो. मम्मी मागच्या सीटवर, मी समोर.

मी तुले दिसीन, पण उतरणार नाही. मम्मीनं माह्याकडून कबूल करून घेतलं, काहीही झालं तरी उतराचं नाही, तो मागून आला, तुह्या केसाले धरलं, तरी नाही. ती उतरन म्हणे, मी नाही. मी हाव म्हटलं. पण ते मले जमन का नाही, हे मले खरंच मालूम नाही.

म्हून भरभर चालजो, ताई.

दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला,
तुहा भाऊ
संयम