पहिली खोली तुझी

रविवार, ८ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता ती भिंतीवरचं घड्याळ वाचते आणि मला यायला उशीर झाला की रागावते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. पत्ता तुझ्या मित्राकडून मिळवला. त्याला बोलू नकोस, मीच फार मागे लागलो होतो.

कामाचंच सांगायचं होतं. जुनं मशीन धापा टाकत होतं, म्हणून नवा सर्व्हर घेतला आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या साइट त्याच्यावर हलवल्या. तू शिकवलंस तसंच केलं : पुढे प्रॉक्सी, मागे प्रत्येक ॲप आपापल्या पोर्टवर. गावच्या शाळेत शिकलेल्या माझ्या डोक्यात तेव्हा ते शिरेना, तर तू म्हणाला होतास, "दादा, दार एकच. दारातला माणूस म्हणजे प्रॉक्सी. तो नाव विचारतो आणि ज्याला त्याला त्याच्या खोलीत सोडतो. नाव ओळखीचं नसलं तर पहिल्या खोलीत." एवढ्यावर माझं आजवर भागलं.

देवाचं नाव घेऊन प्रॉक्सी सुरू केला. सगळं सुरळीत वाटलं. सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन.

"अहो, माझ्या साइटवर हे काय? 'दादा, चहा टाक. आलोच.' पेशंट विचारतायत, दवाखान्यात चहा कधीपासून मिळायला लागला!"

प्रॉक्सीला त्यांचं नाव सांगणारी फाइल मी लिहिली होती, पण चालू करायची राहिली. म्हणजे त्यांचं नाव प्रॉक्सीला अनोळखी, आणि पहिली खोली तुझी, म्हणून तिथे तुझं पान उघडलं. लगेच दुरुस्त केलं, बाईंची माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "पण मग तो आला का?"

मी म्हटलं, "आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला.

तुझं पान कुणी बघत नाही. तुझी वहिनी म्हणाली, "ते कशाला उगाच हलवताय?" तरी मी सगळ्यांत आधी तेच हलवलं. घरी निघालास की तू वाटेतूनच मोबाइलवरून ती ओळ लिहायचास. इथे पानाखालची वेळ बदलली की मी गॅस पेटवायचो. शेवटची लिहिलीस त्या दिवशी चहाही झाला आणि भांडणही. "बस त्या मशीनला कवटाळून," म्हणालास आणि कप अर्धा ठेवून गेलास.

बसलोय.

सकाळी देवापुढे हात जोडून झाले की आई विचारते, "आज काय लिहिलंय त्याने?" मी वाचून दाखवतो, "आलोच म्हणतोय." ओळ जुनी आहे हे तिला कळतं. आता तर तिला स्वतःला वाचता येतं. तरी मलाच वाचायला लावते, आणि "बरं" म्हणून आत जाते. त्या "बरं"नंतर मला काम सुचत नाही.

तुझी किल्ली नव्या सर्व्हरवरही ठेवली आहे. पासवर्ड तोच. परवा तपासून पाहिलं, दार उघडतंय. लिहायला नवीन काही सुचलं नाही, तर तीच ओळ पुन्हा लिही. खालची वेळ बदललेली दिसली, की मला पुरे.

गॅसपाशीच आहे,
तुझा दादा