यादीत नसलेला आवाज

रविवार, १४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भावोजींचा गुडघाही आता ताळ्यावर आला असेल. आम्ही तिघं मजेत. सहा वर्षांनी पत्र लिहितोय, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळेना. शेवटी बायको म्हणाली, "लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलतोस ना, तसं बोल. आधी धीर दे, मग खरं सांग." तर आधी धीर धर.

भावोजींनी गेल्या आठवड्यात डिस्क आणून दिली. चहाही न घेता गेले. सोबत तुझी चिठ्ठी होती: "आईच्या आवाजाच्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. तुझं ते फुकटचं वेड एकदा तरी घरच्या कामी येऊ दे." सहा वर्षांतली तुझी पहिली दोन वाक्यं! चार वेळा वाचली मी. चिठ्ठीच्या मागे तुझ्या अक्षरात त्रेचाळीस फाइलींची यादी होती. कॉलर कशी बसवायची, तिरकं कापड कसं बेतायचं, आखूड पडलेली बाही कशी निभावून न्यायची. आईच्या शेवटच्या वर्षात शिवणाच्या दुकानासाठी तू तिच्याकडून बोलून घेतलेलं सगळं.

हे फुकटचं वेड म्हणजे लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली. आमच्या ऑफिसने भंगारात काढलेला लॅपटॉप मी घरी आणला, त्यावर हे चढवलं आणि तेव्हापासून दिवसभर लिफ्टचे दोर तपासायचे आणि घरी आलो की याचे स्क्रू पिळायचे, असं चाललंय. खिडक्यांचे कोपरे गोल हवेत की चौकोनी यावर मी अख्खा रविवार घालवलाय. बायको माझ्या टर्मिनलला "काळी पाटी" म्हणते. या पाटीवर हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं. ती "नक्की ना?" असं विचारत नाही. मला तेच आवडायचं.

ताई, डिस्क माझ्या हातून पुसली गेली.

झालं असं. मागच्या शनिवारी दुपारी मला पेनड्राइव्हवर लिनक्सची नवी आवृत्ती उतरवायची होती. तुझी डिस्कही जोडलेलीच होती. कॉम्प्युटर जोडलेल्या वस्तूंना अक्षरं देतो, जी आधी जोडली तिला आधीचं अक्षर. आदल्या दिवशी पेनड्राइव्ह 'बी' होता. शनिवारी तुझी डिस्क आधी लावली, म्हणून 'बी' ती झाली. मी मात्र आळस केला, वरच्या बाणाची कळ दाबून 'बी'वर लिहायचा आदल्या दिवशीचाच हुकूम पुन्हा आणला आणि एंटर मारलं. पेनड्राइव्हचा दिवा लागेना. तुझ्या डिस्कचा लुकलुकत होता.

दुसरी प्रत नाही हे मला ठाऊक होतं. आईचा आवाज जगात तेवढ्याच एका ठिकाणी होता, आणि मी त्याच्यावर चालून गेलो होतो.

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा फोरम आहे, तिथे कळवळून विचारलं. दहा मिनिटांत कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, "रडू नकोस, डिस्कवर काही लिहू नकोस, आधी तिची जशीच्या तशी प्रत काढ." मग त्याने एका प्रोग्रामचं नाव दिलं. नवी आवृत्ती डिस्कच्या सुरुवातीच्या थोड्या भागावरच बसली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं, फक्त कुठे काय आहे ते सांगणारी नोंद गेली होती. तुझ्या दुकानातल्या सगळ्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या उडाल्या तर कसं होईल, तसं. हा प्रोग्राम डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत जातो आणि पहिल्या चार खुणांवरून ओळखतो की इथे आवाज सुरू होतो, इथे फोटो. कुणीतरी कुठेतरी बसून हे लिहिलं आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवून दिलं. मी त्याचा कोड उघडून बघितला. निम्मा कळला नाही, पण एका ओळीवर टीप होती, "इथे घाई करू नका." मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. काय माणसं असतात, ताई!

फाइली परत आल्या त्या बिननावाच्या, नुसत्या आकड्यांच्या. त्यांतून आवाजाच्या वेगळ्या काढायला मी चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि एकेक ऐकत तुझ्या यादीशी ताडत गेलो. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस सापडल्या. खिशाची आणि बाहीची, या दोन गेल्या. त्याबद्दल तू काय बोलशील ते बोल.

पण एक जास्तीची निघाली. यादीत नसलेली. हा प्रोग्राम हरवलेलंच नाही, मुद्दाम पुसलेलंही शोधून आणतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

एक मिनिट बावन्न सेकंदांची आहे. मागे शिलाई मशीनचा आवाज नाही. तू म्हणतेस, "आई, मी त्याला बोलावते. आज निघाला तर परवा पोचेल." आई म्हणते, "नाही बोलवायचं. सूनबाईला डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलंय. दोनदा गेलंय त्यांचं. आता त्याने तिला सोडून यायचं नाही." तू रडतेस. म्हणतेस, "तो मला जन्मभर बोल लावेल गं." आणि आई अगदी शांतपणे म्हणते, "लावू दे. तू सोसशील. मी का अडवलं ते त्याला कळलं तर बाळाकडे बघताना दर वेळी मी आठवेन त्याला. ते नको. हेसुद्धा पुसून टाक."

माझी पोरगी शेजारीच बसली होती. "कोण रडतंय?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझी आत्या." तर म्हणे, "मला आत्या आहे?"

ताई, आई गेल्यावर, तू मला वेळेवर कळवलं नाहीस म्हणून, मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तू माझी आई माझ्यापासून चोरलीस." तू नुसतं "असेल" म्हणालीस आणि आत गेलीस. तो एक शब्द मी सहा वर्षं तुझ्या उद्दामपणाचा पुरावा म्हणून बाळगला. एवढं ओझं घेऊन तू रोज दुकान उघडत होतीस, आणि मला एका अक्षरानेही कळू दिलं नाहीस. मी थक्क झालोय. मला तुझी लाज नाही, माझी वाटतेय.

पुन्हा कधीच सापडणार नाही असं पुसायचं कसं, तेही मला येतं. सगळीकडे शून्यं लिहायची. पण मी पुसणार नाही. आईचं तू ऐकलंस, तेवढं पुरे झालं.

येत्या शनिवारी आम्ही तिघं येतोय. दार उघडलं नाहीस तरी हरकत नाही, मी पायरीवर बसेन. पोरीला मात्र आत घे. तिच्यासाठी तू काय सोसलंस ते तिला ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही. तिला फक्त आत्या हवी आहे.

तुला चोर म्हणणारा,
तुझा धाकटा