गाळलेली मोजणी

मंगळवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

माझ्या मार्गदर्शक सरांचा राग आलाय आणि तो उतरायला नको आहे. ताणलेला स्नायू किती जोर लावतो, याचं माझं समीकरण त्यांनी आज विभागासमोर स्वतःचं म्हणून मांडलं. तेही गिळलं असतं. पण बाबांची मोजणी गाळली!

बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहतात. कामाचा दिवस बुडवून ते आमच्या यंत्राला हात बांधून बसले होते. वजन हळूहळू खाली सोडताना, म्हणजे स्नायू जोर लावत असतानाच ताणला जातो तेव्हा, त्यांचा जोर माझ्या समीकरणाच्या आलेखाच्या कितीतरी वर गेला. तीनदा मोजलं, तीनदा तेच. म्हणजे समीकरणच अपुरं. हे सरांना दिसत नाही? की दिसतं म्हणूनच गाळली?

"एका हमालाची मोजणी काढून टाकली," सर म्हणाले. "या लोकांना सांगितलेलं कळत नाही, झटके मारतात."

सगळे हसले. मी उठले. "ते माझे वडील आहेत, सर. झटका नव्हता. तीनदा मोजलंय."

हसणं थांबलं. सर सावकाश म्हणाले, "प्रबंधावर सही माझी लागते, लक्षात ठेव."

घरी बाबांनी विचारलं, "काय झालं वं? माह्या हातानं तुह्यं गणित बिघडलं काय?"

"हो बाबा. पण चूक गणिताची आहे, तुमची नाही."

"मंग पुन्हा मोज नं. मी येतो उद्या."

उद्या सकाळी दहाची यंत्राची वेळ बाबांच्या नावानं नोंदवली. सरांना विचारलं नाही.